न बोलावलेला साक्षीदार

गेल्या महिन्यात पेन्शनच्या कामासाठी कल्याणला गेलो होतो. कोर्टाच्या ओसरीवर जरा टेकलो, तर एका नव्या कारकुनाने मला सदाशिवपंत वकिलांची गोष्ट ऐकवली. पंत खाडीकाठच्या एका खार जमिनीच्या दाव्यात एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घ्यायला उभे राहिले. त्यांच्याकडे एकच साक्षीदार होता, खाडीवरचा होडीवाला लाडक्या. त्याला त्यांनी सकाळीच आणून ओसरीवर बसवले, हातावर चणे ठेवले, आत गेले आणि विसरले. लाडक्या चणे खाऊन झोपला, इकडे अर्ज नामंजूर झाला आणि पंत बाहेर येऊन त्यालाच विचारते झाले, "काय रे, तू इथे कशाला आलास?"

कारकून पोट धरून हसला. मीही थोडे हसलो. हसायची सवय होती. ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली ती मीच, आणि शेवटचे वाक्य माझ्या पदरचे आहे. पंत तसे काही म्हणाले नव्हते.

मी त्या कोर्टात बेलीफ होतो. खरे काय झाले ते मला ठाऊक आहे. म्हणजे निम्मे ठाऊक आहे. उरलेले निम्मे पंतांना ठाऊक होते, आणि ते त्यांना खरेच ठाऊक होते की नव्हते हेच मला आजवर उलगडलेले नाही. पंत गेले. माझेही पाय आता फार चालत नाहीत. निदान माझे निम्मे तरी लिहून ठेवावे म्हणून बसलो आहे.

पंत राहायला ठाण्यास, कोपरीत, खाडीच्या अंगाला. तारीख असली की सकाळच्या गाडीने कल्याणला येत. अंगाने किरकोळ, पगडी एका कानावर कललेली आणि काखेत छत्री. ती छत्री त्यांची कधीच नसे. कोर्टातून निघताना हाताला लागेल ती उचलत. घरी बायकोने विचारले की मग लक्षात येई. पुढच्या तारखेला ती इमानाने परत आणीत आणि जाताना तिसऱ्याच माणसाची घेऊन जात. आमच्या एखाद्या कारकुनाची छत्री दिसेनाशी झाली की तो आधी पंतांची पुढची तारीख बघे.

त्यांच्या वकिलीचेही असेच काहीतरी होते. बाकीचे वकील मिळेल तो दावा घेत. पंतांकडे मात्र बहुतेक एकाच जातीचे काम असे. प्रतिवादीला दाव्याची तारीख कळवणारा कागद, समन्स, तो पोचूनही माणूस हजर झाला नाही तर न्यायाधीश एकट्या वादीचे ऐकून निकाल देतात. तो एकतर्फी हुकूमनामा. समन्स नीट बजावलेच नव्हते, किंवा न येण्याला पुरेसे कारण होते, असे दाखवता आले तर तो रद्द होतो आणि दावा पुन्हा पहिल्यापासून चालतो. पंत हे अर्ज चालवीत. हुकूमनामा रद्द झाला की त्यांचा दाव्यातला रस संपे. मूळ दावा अशिलाने जिंकला की हरला हे त्यांना कित्येकदा दुसऱ्यांकडून कळे.

मी एकदा विचारले, "पंत, तुम्हाला हेच काम का आवडतं?"

त्यांनी छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. मग म्हणाले, "असं आहे गणपतराव, एका बाजूचं ऐकलं की मला सगळं समजतं. दोन्ही बाजूंचं ऐकलं की काहीच समजत नाही. म्हणून दोन्ही बाजूंचं ऐकावं."

 

न्यायाधीश रावसाहेबांपुढे उभे राहिले की त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असे: "रावसाहेब, माझा थोडा गोंधळ होतोय." नवशिक्या वकिलांना वाटे, ही म्हाताऱ्याची युक्ती. समोरच्याला गाफील करायचे आणि मग पकडायचे. मलाही काही वर्षे तसेच वाटे. पण युक्ती करणारा माणूस आपल्याच अशिलाचे नुकसान करत नाही, आणि पंत ते सर्रास करीत.

मानपाड्याच्या एका म्हाताऱ्यावर असाच एकतर्फी हुकूमनामा झाला होता. त्याचे म्हणणे, मी तारखेला आलो होतो, दिवसभर बसलो होतो, मला कोणी हाक मारली नाही. चौकशी केली तेव्हा कळले की तो कोर्टाऐवजी मामलेदाराच्या कचेरीच्या ओट्यावर बसला होता. सरकारी घर, दारात पट्टेवाला, एवढे पाहून तो बसला आणि आपल्याला कोणी बोलावले नाही म्हणजे आपले काम झाले, या समाधानात घरी गेला. पंतांनी काय करावे? एक अख्खा दिवस ते स्वतः त्या ओट्यावर जाऊन बसले. आमच्या पट्टेवाल्याचा पुकारा तिथवर ऐकू येतो का, हे पाहायला.

रावसाहेबांनी विचारले, "पंत, तुम्ही स्वतः बसलात?"

"होय."

"आणि पुकारा ऐकू आला नाही?"

"एकदाही नाही, रावसाहेब." पंत खाली बसायला वाकले आणि पुन्हा उभे राहिले. "म्हणजे, मध्ये अर्धा तास माझा डोळा लागला होता. तेवढ्या वेळाची खात्री देता येत नाही."

समोरचे वकील उडालेच. "मग त्याच अर्ध्या तासात पुकारा झाला असेल!"

"झाला असेल," पंत म्हणाले. "म्हणूनच माझा गोंधळ होतोय."

रावसाहेब हसू दाबीत कागदाकडे बघत राहिले आणि अर्ज मंजूर झाला. माझ्या मते तो त्या डुलकीमुळेच झाला. डुलकी सांगणारा माणूस बाकीचे खोटे कशाला सांगेल?

एकदा त्यांनी नेलेली माझी छत्री आणायला मी कोपरीला त्यांच्या घरी गेलो. पंत अंगणात गवळ्याला समोर बसवून बोलत होते आणि काकू दारात कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

"बघा हो, तुम्ही कोर्टातले ना?" काकू मला म्हणाल्या. "आठ दिवसांपूर्वी मी याला काढून टाकलं. दुधात पाणी घालतो म्हणून. यांनीच हो म्हटलं. आता म्हणतात, तो नसताना ठरवलं, ते चालायचं नाही. घरी बोलावून आणलाय!"

"एकतर्फी झालं होतं ते," पंत म्हणाले. मग गवळ्याला, "हं, बोल. पाणी घालतोस?"

"घालतो, पंत," गवळी म्हणाला.

"का?"

"म्हैस आटाय लागलीय. घरं तेवढीच हायत. कोणाला नाही म्हणू?"

पंतांचा चेहरा खुलला. "ऐकलंत? आता कसं रीतसर झालं."

"मग काढला ना त्याला?" काकू म्हणाल्या.

"काढू कसा? त्याची बाजू ऐकली ना आपण."

काकू आत निघून गेल्या. आतून भांड्याचा मोठा आवाज आला. गवळी माझ्याकडे आणि मी गवळ्याकडे पाहू लागलो. पंत मला छत्री देऊन म्हणाले, "ही तुमचीच ना? का ही तुमच्या नाझरसाहेबांची?"

असा हा माणूस. आता गोमाची हकीकत सांगतो, कारण सारे लिहायचे ते त्यासाठीच.

गोमा म्हणजे डोंबिवलीच्या खाली, खाडीकाठच्या एका पाड्यावरचा आगरी शेतकरी. त्याच्या आजाने खाडीला बांध घालून आतली खारट जमीन भातासाठी तयार केली होती. तीन पिढ्यांनी तो बांध दरसाल माती घालून जपला होता. लागूनच कल्याणच्या एका सधन माणसाची जमीन होती. त्याने दावा लावला की बांध आणि आतले शेत मूळचे आपले आहे. त्या दाव्याचे समन्स घेऊन मी गेलो.

लाडक्याच्या होडीतून उतरलो आणि बांधावरून पाड्याकडे निघालो. गोमाचे घर पहिलेच होते. त्याच्या दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या बांधलेल्या दिसल्या आणि माझे पाय थांबले. घरात देवी आल्या होत्या.

माझे एक मूल देवीनेच गेले होते. धाकट्याला अजून टोचलेले नव्हते. मी बांधावरूनच हाक मारली. एक म्हातारी, गोमाची आई, दारात आली आणि हाताने लांब राहा अशी खूण करून आत गेली. मी अंगणाच्या कडेपर्यंत गेलो, एका दगडाखाली समन्स ठेवले आणि परत होडीत येऊन बसलो. लाडक्या सगळे बघत होता.

खरे लिहिले असते तर आमचे नाझर, म्हणजे बेलिफांवरचे अधिकारी, यांनी मला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच घरी पाठवले असते. म्हणून रिपोर्टात मी लिहिले: प्रतिवादी समक्ष भेटला, समन्स वाचून दाखवून हातात दिले, सही करण्यास नकार. तेव्हा मला यात फारसे काही वाटले नाही. कागद अंगणात पोचला होता. अंगणातून घरात तो जाणारच. आणि गंमत अशी की तो गेलाही.

तारखेला गोमा आला नाही. एकतर्फी हुकूमनामा झाला. वादीची माणसे बांध मोजायला आली तेव्हा गोमाला पहिल्यांदा कळले की आपल्यावर दावा होता. कोणीतरी त्याला कोपरीला पंतांकडे धाडले.

अर्जाच्या दिवशी मी कोर्टात शिरताना पाहिले, ओसरीवर लाडक्या बसला होता. माझ्या तोंडचे पाणी पळाले. त्याला आणण्यासाठी पंत स्वतः पाड्यावर जाऊन आले होते, हे मला त्यानेच सांगितले. वर म्हणाला, "वकील होरीतसून उतरताना पान्यानच पडला, बेलीफदादा. पन मानूस चांगला हाय. मना इचारला, बेलीफ कुटं उभा व्हता? मी जागा दाखवली."

गोमाला शपथ दिली. रावसाहेबांनी विचारले, "समन्स तुझ्या घरी आलं होतं का?"

त्याने नुसते नाही म्हटले असते तर निम्मे काम झाले असते. गोमा म्हणाला, "आला व्हता."

"कोणी आणून दिलं?"

"कोनी दिला नाय. दगडाखाली व्हता. आयशीनं उचलला."

"मग वाचून घेतलं नाहीस?"

"कसा वाचनार, सायेब? पोरीला देवी आली व्हती. देवी घरान असता जे दारान येल ते तिचा. आयशीनं तिचे म्होरं ठेवला. मंग देवीला बोळवली तवा तिचे संगतीन खारीत सोडला."

कोर्टात हशा झाला. समोरचे वकील म्हणाले, "म्हणजे सरकारी समन्स पाण्यात फेकलं."

गोमा त्यांच्याकडे वळला. त्याला हे लागले होते. "फेकला नाय. मानानं सोडला. हलद लावून."

"रावसाहेब," समोरचे वकील म्हणाले, "आणखी काय पाहिजे? कागद घरी पोचला हे प्रतिवादीच कबूल करतो."

पंत उठले. "माझा थोडा गोंधळ होतोय, रावसाहेब. कागद घरी पोचला. पण याच्याकडे पोचला नाही."

"मग कोणाकडे पोचला?"

"देवीकडे."

"पंत, देवी या दाव्यात प्रतिवादी नाही."

"नाही ना!" पंत म्हणाले. "आणि तरी कागद तिने घेतला. हाच तर गोंधळ आहे."

रावसाहेब मात्र या वेळी हसले नाहीत. ते म्हणाले, "बेलिफाने समन्स वाचून दाखवलं असेल, तर कागदाचं पुढे काय झालं याला अर्थ नाही. बेलिफाला बोलवा."

मी उभा राहिलो. शपथ घेतली. पंत माझ्या अगदी जवळ आले. त्यांच्या पगडीला कुठलेसे गवत चिकटले होते.

"गणपतराव, मला नीट समजत नाहीये. तुम्ही कागद हातात दिलात?"

"होय."

"तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात?"

"अंगणात."

"दाराला काही बांधलेलं होतं का?"

हो म्हटले असते, तर पुढचा प्रश्न मला दिसत होता. देवीच्या घरी तुम्ही अंगणात शिरलात, आणि बापाने बाहेर येऊन हातात कागद घेतला? मी म्हणालो, "काही नव्हतं."

"मला समजलं नाही. पुन्हा सांगा. डहाळ्या नव्हत्या?"

"नव्हत्या."

"नीट आठवून बघा हो. मला घाई नाही."

त्यांनी तिसऱ्यांदा विचारले तेव्हा आवाज इतका मऊ होता की माझ्या तोंडाशी खरे आले होते. समोर नाझर बसले होते. खोट्या रिपोर्टाला नोकरी जाते आणि खोट्या शपथेला तुरुंग. घरात सहा तोंडे. मी म्हणालो, "आठवतंय. नव्हत्या."

पंत माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता समजलं."

इतक्या वर्षांत हे शब्द मी त्यांच्या तोंडून कोर्टात कधी ऐकले नव्हते. ते जाऊन जागेवर बसले. मी दाराकडे बघत होतो. आता लाडक्याच्या नावाचा पुकारा होणार, तो आत येणार, बांधावर मी उभा होतो ती जागा सांगणार. रावसाहेबांनी विचारलेसुद्धा, "पंत, आणखी कोणी साक्षीदार?"

पंत म्हणाले, "नाही."

अर्ज नामंजूर झाला.

बाहेर लाडक्या जागाच होता. झोपला होता हेही मीच जोडले. त्याने विचारले, "मना कवा बोलावनार?" पंत म्हणाले, "आज नको. तू जेवलास का?" एवढेच.

थोड्या वेळाने मी पाणी पीत होतो तिथे पंत आले. मला वाटले, आता बोलणार. ते म्हणाले, "गणपतराव, घरी लहान मुलं आहेत?"

"तीन."

"सगळ्यांना टोचलंय?"

"धाकट्याला नाही अजून."

"टोचून घ्या," म्हणाले आणि माझी छत्री घेऊन निघून गेले.

त्या दिवसापासून मी या कोड्यात आहे. लाडक्याला न बोलावणे ही माझ्यावर केलेली दया होती का? असेल, तर ती दया गोमाच्या शेतातून माझ्यावर करण्याचा त्यांना काय अधिकार होता? गोमाची बाजू ऐकली जावी म्हणून ते उभे होते, आणि त्यांनीच ती मिटवली. की त्यांना माझी बाजूही ऐकू आली होती, न सांगताच, आणि दोन्ही बाजू ऐकल्यावर त्यांचे नेहमीचे झाले? की ते खरोखरच विसरले? जो माणूस दर तारखेला दुसऱ्याची छत्री आपली समजून नेतो तो साक्षीदारही विसरू शकतो. पंत विसरले हीच गोष्ट मी पसरवली, कारण तिच्यात माझे नाव कुठेच येत नव्हते. लोकांना ती लगेच पटली.

वैशाखात शेताचा ताबा वादीला द्यायचा हुकूम निघाला. तो बजावायलाही मीच गेलो. शेताच्या कडेला उभा राहून मी हुकूम वाचला. या खेपेला खरेच मोठ्याने वाचला. गोमा बांधावर उकिडवा बसला होता. त्याची आई मात्र मला ओळखून पुढे आली. "तुमीच ना त्या दिशी हाक मारलीव? पोर वाचली बगा," असे म्हणून तिने एका मुलीला पुढे ओढले. सात-आठ वर्षांची होती, तोंडभर वण. म्हातारीने मला पाणी दिले. मी ते प्यालो.

खारीचा बांध पावसाआधी माती घालून भक्कम करावा लागतो. वादीने तो केला नाही. त्याला शेत हवे होते, चिखल नव्हे. श्रावणातल्या उधाणाला बांध फुटला आणि खाडी आत आली. तिथे भाताऐवजी खारे पाणी उभे राहिले.

पंतांनी ठाण्याला जिल्ह्याच्या कोर्टात अपील केले होते. ते दिवाळीनंतर सुनावणीला निघाले. मी मुद्दाम गेलो होतो, मागे उभा राहिलो. अपिलात त्यांनी माझ्या रिपोर्टाबद्दल चकार शब्द काढला नाही. न येण्याला पुरेसे कारण होते, एवढ्यावरच ते उभे राहिले. न्यायाधीश इंग्रज साहेब होते. त्यांनी दुभाष्यामार्फत विचारले की ही देवी म्हणजे नेमके काय.

पंत म्हणाले, "साहेब, माझा गोंधळ आहे. तो रोग आहे असं धरलं, तर घरात साथ होती. ती देवी आहे असं धरलं, तर घरात पाहुणी होती. दोन्हींपैकी खरं कुठलं ते मला सांगता येत नाही. पण दोन्हींत बाप घर सोडून कोर्टात जात नाही."

साहेबांनी दुभाष्याकडून हे दोनदा ऐकले. हुकूमनामा रद्द झाला.

म्हणजे हे सारे अर्जाच्या दिवशीच आमच्या कोर्टात म्हणता आले असते. तेव्हा पंतांना ते सुचले नव्हते, की तेव्हा ते माझ्याकडे बघत होते म्हणून म्हणायचे राहिले? मला कळत नाही. सहा महिने आधी म्हटले असते तर बांध राहिला असता एवढे मात्र कळते. आणि मी खरे बोललो असतो तरी राहिला असता, हे त्याहून स्पष्ट कळते.

दावा कल्याणला पुन्हा सुरू झाला, तर वादी आलाच नाही. खारे पाणी भरलेल्या शेतासाठी कोण खेपा घालणार? रावसाहेब दावा काढून टाकायला निघाले, तोच पंत उठले.

"रावसाहेब, त्यांनाही एकदा निरोप धाडावा असं वाटतं. नाहीतर त्यांची बाजू ऐकायची राहील."

गोमाची आई मागे बसली होती. ती ओरडलीच, "वकील, तू आमचा का त्याचा?"

पंत तिच्याकडे वळून हात जोडून काहीतरी पुटपुटले आणि अवघडून उभे राहिले. रावसाहेबांनी दावा काढून टाकला. गोमाला शेत परत मिळाले, म्हणजे खाडीचा एक तुकडा मिळाला.

त्या फाल्गुनात एका सुटीच्या दिवशी मी पाड्यावर गेलो. सगळे सांगून टाकायचे असे ठरवून निघालो होतो. लाडक्याच्या होडीतही मनात वाक्ये जुळवीत होतो. खाडीचे पाणी कमी चढते ते दिवस होते. फुटक्या बांधावर पाड्यातली सात-आठ माणसे चिखलाच्या टोपल्या टाकत होती. त्यांत ती वणांची मुलगी होती. आणि धोतराचा काचा मारून, गुडघाभर चिखलात, डोक्याला पगडीऐवजी फडके गुंडाळलेले सदाशिवपंत होते.

"वकील, थितं नको टाकू!" गोमाची आई बांधावरून ओरडत होती. "हितं! हितं! किती येला सांगू?"

"माझा गोंधळ होतोय, आई," पंत म्हणाले.

"तुजा रोजचाच हाय. ती टोपली दे हिकरं."

माणसे हसत होती. पंतही हसत होते. मग त्यांनी वर पाहिले आणि मी त्यांना दिसलो. त्यांना अजिबात नवल वाटले नाही.

"अहो गणपतराव! बरं झालं आलात. माणूस कमी पडतंय. वहाणा तिथेच काढा."

सगळे थांबून माझ्याकडे पाहू लागले. गोमाने एक रिकामी टोपली उचलून माझ्यापुढे धरली. त्याच्या तोंडावर राग नव्हता. पंतांनी त्याला काही सांगितले होते की नव्हते, ते त्या तोंडावरून कळेना. मला बोलावले ते माझ्याकडून काही फेडून घ्यायला, की खरोखर एक माणूस कमी पडत होता म्हणून, तेही कळेना. टोपली तशीच पुढे होती.

मी म्हणालो, "मला पुढच्या गावी एक समन्स द्यायचं आहे."

"हो का?" पंत म्हणाले. "मग जा, जा. थांबू नका. त्या माणसाची तारीख चुकायला नको." आणि त्यांनी गोमाच्या हातातली टोपली स्वतः घेतली.

मी बांधावरून पुढच्या गावाकडे चालू लागलो. त्यांच्या नजरेआड होईपर्यंत मला तसेच चालत जावे लागले. मागून म्हातारीचा आवाज येत होता, पंत पुन्हा चुकीच्या जागी चिखल टाकत असावेत. माझ्या पिशवीत एकही कागद नव्हता.